भाभींचा जॅक

"उचलनारे लय असतात हो. धरून ठेवतो का, ते सांगा."

जॅक घ्यायला आलेलं कुठलंही गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं तो वजनाचा. किती उचलतो, ट्रक उचलेल का, भरलेला टेम्पो उचलेल का. भाभींनी तो प्रश्न कधी विचारला नाही. मी काउंटरवर जॅक ठेवला की त्या मान तिरकी करून त्याच्याकडे बघायच्या, बाजारात मेथीची जुडी बघावी तशा. मग डोक्यावरची ओढणी सारखी करायच्या आणि वरचं वाक्य टाकायच्या. 

मी तेव्हा रोह्याच्या बाजारपेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरला होतो. राहायला पेणला. सकाळच्या पॅसेंजरने यायचं, संध्याकाळच्या पॅसेंजरने परत. दुकान शेठचं, पण शेठ गल्ल्यावर बसून पेपर वाचायचे आणि तोंड चालवायचं काम माझ्याकडे. ते मला आवडायचंही. सगळा राबता पुरुषांचा, ट्रकवाले, टेम्पोवाले, कंपनीच्या बसचे ड्रायव्हर. त्यात एक बाई येऊन पंप मारायचा जॅक मागते म्हटल्यावर मला वाटलं, स्टोव्हचा पंप हवा असणार. मी त्यांना अदबीने समोरच्या भांड्यांच्या दुकानात पाठवलं. त्या गेल्या, थोड्या वेळाने परत आल्या.

"त्यांच्याकडं नाय म्हणतात. तुमच्याकडंच हाय. त्यो बघा, तुमच्या डोक्यावरच्या फळीवर."

शेठ पेपराआड हसत होते ते मला ऐकू आलं.

भाभी वरशाच्या. त्यांचे मिस्टर सौदीला ट्रेलरवर ड्रायव्हर होते. एका रजेत त्यांनी जुनी लाल मारुती घेतली. रजा असेतो गाडी फिरली, बायकोला चालवायला शिकवून झालं, लायसन्सही काढून झालं आणि रजा संपल्यावर ते गेले. मागे पोर्चमध्ये गाडी, घरात सासू आणि भाभी. आमच्या दुकानाला लागून एसटीडी बूथ होता. सौदीत शुक्रवारी सुट्टी, म्हणून शुक्रवारी मिस्टरांचा फोन बूथवर यायचा. कधी येईल त्याचा नेम नसे. बूथमध्ये बसायला एकच स्टूल, त्यावर बूथवाला. मग भाभी आमच्याकडे येऊन जॅक बघत बसायच्या. आमच्या दुकानाचं आणि त्यांचं नातं जमलं ते असं, फोनची वाट बघता बघता.

आता साध्या मारुतीला एवढा जॅक कशाला, हे तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं.

"पावसात गाडी शाकारायला लागते," त्या म्हणाल्या.

घर शाकारतात, होडी शाकारतात, हे आपल्याला माहीत. भाभींचं माहेर खाडीकाठचं. पाऊस तोंडावर आला की होडी ओढून वर घ्यायची, ओंडक्यांवर चढवायची, वरून माडाची झापं घालायची, हे त्या लहानपणापासून बघत आलेल्या. गाडीचंही त्या तेच करायच्या. पावसात त्यांच्या पोर्चमध्ये पाणी शिरे. शिवाय उभ्या गाडीचे टायर एका जागी दबून बसतात. म्हणून चारही चाकं जमिनीवरून उचलून खाली लाकडी ठोकळे घालायचे, बॅटरी काढून स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याशेजारी ठेवायची आणि गाडीला ताडपत्री पांघरायची. गाडीबरोबर आलेला छोटा स्क्रूचा जॅक त्यांनी वापरून पाहिला होता. फिरवून फिरवून खांदा भरून यायचा आणि भिजल्या मातीत जॅकच खाली जायचा. गाडी जाग्यावर.

मग उरला दीर. दीर दोन मित्र घेऊन यायचा, हसत-खेळत हाताने गाडी उचलून द्यायचा, चहा प्यायचा. पाऊस सरला की तसाच येऊन उतरवून द्यायचा. आणि उतरवली की "भाभी, जरा ट्रायल मारून येतो" म्हणून जी न्यायचा, ती गाडी आठवडाभर दिसायची नाही. परत यायची ती पेट्रोलचा वासही न उरलेली. दीर वाईट नव्हता. रोहा स्टेशनवर त्याची सहा आसनी रिक्षा होती, सदा बोलत, सदा हसत. पण उभी गाडी त्याला बघवत नसे. एका शुक्रवारी तो भाभींबरोबर बूथवर आला आणि भावाशी बोलला. उभी गाडी कुजते, मला दे, मी चालवीन. पलीकडून मिस्टर काय म्हणाले ते भाभींनी नंतर काउंटरवर सांगितलं. पुढच्या थंडीत ते कायमचे परत येणार होते. येतील त्या दिवशी गाडी चाकांवर उभी असेल, स्टार्ट होत असेल, तर घरात राहील. नाहीतर धाकट्याला द्यायची, अशी पैज ठरली.

"त्यांचं बी बराबर हाय," भाभी म्हणाल्या. "बंद गाडी ठेवून काय करायची? पण मी ती बंद पडू देनार नाय. सासूला दवाखान्यात न्यायची तर आज गाडी हाय म्हणून मी निघते. उद्या गाडी नाय म्हणजे रिक्षासाठी दिराच्या दारात. त्यो नाय म्हननार नाय, पण मला इचारायला लागल. आणि ह्ये येतील तवा त्यांना आनायला मीच जानार. पेनपर्यंत."

एवढं बोलून त्यांनी फळीकडे बोट केलं. "सस्ता पायजे. पण हलका नको."

ही मागणी म्हणजे दुकानदाराला कोड्यात टाकणारी. आमच्याकडे बाटलीसारखा उभा जॅक होता, मजबूत, खिशाला परवडणारा. पण मारुती बुटकी, तिच्याखाली तो शिरेचना. दुसरा चाकांचा ट्रॉली जॅक, गॅरेजवाले वापरतात तो. त्याची किंमत ऐकून भाभींनी त्याच्याकडे पुन्हा पाहिलंही नाही. आणि तिसरा होता नवा, चकचकीत लाल, छोटा ट्रॉली जॅक. हलका, देखणा, स्वस्त. मला तो खपवायचा होता. त्याच्याविषयी मी बरंच चांगलं बोललो.

"धरून ठेवतो का?"

"ठेवतो की भाभी. कंपनीचा माल आहे."

"बघू मग."

पुढच्या शुक्रवारी त्या आल्या त्या पिशवीत दोन विटा, एक स्टीलची वाटी आणि वाटीत एक अंडं घेऊन. दुकानासमोर शेठची स्वतःची गाडी उभी होती. भाभींनी शेठना विचारलं, "जरा उचलू का?" शेठ कुठल्या बाईला नाही म्हणू शकत नसत. लाल जॅकने मी गाडीचं पुढचं अंग वर घेतलं. भाभींनी खाली विटा रचल्या, विटांवर वाटी, वाटीत अंडं. अंडं आणि गाडीचा पत्रा यांच्यात बोट जाईल एवढी फट. मग हात झटकले आणि आत येऊन बसल्या, फोनची वाट बघत.

बाजारात बातमी पसरायला काय लागतं? शेठच्या गाडीखाली अंडं ठेवलंय म्हटल्यावर पानवाला आला, शिंपी आला, हमाल आले. वाकून वाकून लोक बघायला लागले. फुटतं की राहतं यावर चहा लागले. शेठचा पेपर वाचून झाला तरी ते पेपर खाली करेनात. शेवटी बूथवाला ओरडला, "भाभी, सौदी!" आणि भाभी बोलायला गेल्या. त्या तिकडे बोलत असताना इकडे बारीक आवाज झाला. जॅक दमाने, कुणाला कळू न देता खाली बसला होता.

भाभी परत आल्या, वाकून पाहिलं, वाटी काढली. राग नाही, काही नाही. वाटी कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे दिली, "ह्याची बुर्जी कर रे." वाटी होती ती त्यासाठी. अंडं फुकट जाऊ नये म्हणून.

"तुमची कंपनी आडवी झाली भाऊ," जाताना मला म्हणाल्या.

त्यानंतर दुकानात नवा जॅक आला की शुक्रवारी अंड्याची परीक्षा ठरलेली. एकदोन पासही झाले, पण ते जड, महाग. शेठनी हप्त्याने द्यायची तयारी दाखवली, भाभींनी मानेनेच नाही म्हटलं. उन्हाळा पुढे सरकत होता. पाऊस आला म्हणजे गाडी उचलायला पुन्हा दीर आणि पुन्हा ट्रायल. भाभी बोलून दाखवत नव्हत्या, पण काउंटरवर बोटं वाजवायला लागल्या होत्या.

जॅक मिळाला तो आमच्या पेणला, आणि तोही गणपतीच्या कारखान्यात. माझ्या घरामागच्या कारखान्यात मोठ्या मूर्ती पाटासकट उचलून ट्रकपर्यंत न्यायला ट्रॉली जॅक वापरत. मालकाने त्या वर्षी नवा घेतला होता, जुना कोपऱ्यात पडून होता. मी निरोप दिला आणि भाभी पॅसेंजरने पेणला उतरल्या. हातात पिशवी. पिशवीत काय असणार ते मी ओळखलं.

कारखान्यात रांगांनी मूर्ती, कुणाला रंग लागलेला, कुणी अजून पांढरीच. भाभी दारातच चपला काढून उभ्या राहिल्या. चहूकडे पाहिलं. मग पिशवी माझ्या हातात दिली आणि हळूच म्हणाल्या, "ही बाहेर ठेवा, भाऊ. हितं अंडं नको."

मालकाने ते ऐकलं. अंडं कशाला, त्याने विचारलं. मी सांगितलं. तो माणूस हसून हसून स्टुलावर बसला. "अहो, मग अंडं कशाला पाहिजे? माती आहे की!" त्याने ओल्या शाडूचा गोळा घेतला, साच्यात दाबला आणि एक उंदीर काढून दिला. ताजा, मऊ, शेपटीसकट. दाराशी गोण्या भरलेला टेम्पो होता. त्या कळकट, पांढऱ्या धुळीने माखलेल्या जॅकने टेम्पो उचलला, विटा रचल्या, विटांवर उंदीर ठेवला.

"उंदीर चिरडला तर जॅक फुकट घेऊन जा," मालक म्हणाला.

"चिरडला तर फुकट घेऊन काय करू?" भाभी म्हणाल्या.

आम्ही चहा घेतला. मालकाने घरच्या चौकश्या केल्या, भाभींनी मूर्ती किती दिवसांत वाळते ते विचारलं. कारागीर येता-जाता टेम्पोखाली डोकावत होते. मीही दोनदा उठलो. भाभी मात्र एकदाही उठल्या नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला, मग सावकाश जाऊन वाकल्या. उंदराचे कानसुद्धा शाबूत होते.

"ह्यानं बाप्पा उचललेत," मालक म्हणाला. "कधी दगा नाही दिला."

"मग आमची गाडी काय जड हाय," भाभी म्हणाल्या आणि पदराची गाठ सोडली.

तो जॅक त्यांनी पेण स्टेशनपर्यंत दांड्याला धरून ओढत नेला. त्याला चाकं होती, मग उचलायचा कशाला? लोखंडी चाकांचा तो खडखडाट मी अजून विसरलेलो नाही. पुढे भाभी, मागे तो पांढरा जॅक, त्यामागे मी, लाज वाटत असलेला. फलाटावर एका म्हातारीने विचारलं, "काय गो ह्यां?" भाभी म्हणाल्या, "गाडीचा डॉक्टर हाय." गाडी आली, आम्ही दोघांनी धरून तो दाराशी चढवला. मी फलाटावरूनच निरोप घेतला. पॅसेंजर कासूच्या दिशेने, रोह्याकडे निघाली तेव्हा भाभी दारात जॅकवर पाय ठेवून उभ्या होत्या, सुटेल म्हणून.

त्या वर्षी मारुती त्यांनी एकट्याने शाकारली. दीर नेहमीप्रमाणे मित्रांना घेऊन गेला, तर गाडी ठोकळ्यांवर, ताडपत्री बांधलेली. तो बराच वेळ हात मागे बांधून गाडीभोवती फिरला म्हणे. नंतर स्टेशनवर मला भेटला तर म्हणतो, "काय राव, आमचा चहा तोडलात." चहा तोडला नव्हता. भाभींनी त्याला चहा दिला होताच, बिस्किटंही दिली होती. ट्रायल तेवढी गेली.

पाऊस सरला, गाडी उतरली, चालू झाली. भाभींचं धाडस आता वाढलं. इंजिनाचं तेल बदलायच्या, प्लग काढून घासायच्या, चाकांची अदलाबदल करायच्या. दुकानात येऊन काय काय मागायच्या. मी मात्र एक गोष्ट सांगून ठेवली होती. जुना जॅक आहे, थोडं तेल सोडेल, कमी वाटलं तर जॅकचं तेल घालत जा. बाटलीही दाखवली. त्यांनी झाकण उघडून वास घेतला, नाक मुरडलं आणि बाटली परत ठेवली. मला वाटलं, नंतर नेतील.

थंडी आली आणि एका शुक्रवारी बूथमधून बाहेर येताना भाभींचा चेहरा मी पहिल्यांदाच तसा पाहिला. तारीख ठरली होती. मिस्टर विमानाने मुंबईला उतरणार, एसटीने पेणला येणार. तिथे भाभी गाडी घेऊन जाणार. "त्यांना सांगितलंय, पेनला उतरा. रिक्षा बघू नका, भावाला बघू नका. मी हाय."

त्या दिवशी सकाळी मी दुकान उघडतोय तोच बूथवाला धावत आला. वरशाच्या ग्रामपंचायतीतून फोन होता, भाभींनी ताबडतोब बोलावलंय. मी शेठची सायकल घेतली.

पोर्चमध्ये गाडी ठोकळ्यांवर. आदल्या दुपारी भाभींनी ती उचलून खालून धुतली होती, काळा रंग मारला होता आणि वाळायला रात्रभर तशीच ठेवली होती. सकाळी उतरवायची म्हणून जॅक लावला. ठोकळे काढायचे तर गाडी आधी बोटभर वर घ्यायला हवी. जॅक उठेना. दांडा दाबला तर दगडात रुतल्यासारखा. भाभींनी नवी साडी नेसलेली, हाताला काळं लागलेलं. पायरीवर दीर आणि त्याचे दोन मित्र.

"भाभी, तुमी फक्त सांगा," दीर म्हणत होता. "आत्ता उचलतो. पन मग गाडी चाकांवर नव्हती असं मी भाईला सांगनार हां. पैज म्हंजे पैज."

तो थट्टाच करत होता.  एरवी भाभींनी त्याला जागच्या जागी उत्तर दिलं असतं. आज त्या दांडा धरून रस्त्याकडे बघत होत्या. एसटी मुंबईहून निघाली असणार. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. तो जॅक मीच दाखवला होता.

मी खाली बसलो आणि तेलाचं बूच काढलं. आत पांढरं होतं. मला आधी वाटलं, गणपतीच्या कारखान्यातली माती. बोट घातलं तर मऊ, चिकट. वास घेतला आणि मला आमची आई आठवली, रविवारी डोक्याला तेल चोळणारी.

"भाभी, ह्यात काय घातलंत?"

"तेल."

"कुठलं?"

"खोबरेल," त्या म्हणाल्या. "आमच्या मायेरचा, घान्याचा. तुमच्या बाटलीतला घान मारत होता. ह्यो शुद्ध हाय."

दारातून सासू म्हणाली, "तरी मी म्हनते, माझी बरनी कशी रिकामी झाली."

आधी सासू हसली की दीर, आठवत नाही. खोबरेल तेल थंडीत थिजतं हे रोह्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. सकाळी बाटली चुलीजवळ ठेवल्याशिवाय आपण डोक्याला लावत नाही. पण जॅकच्या पोटातही ते थिजेल, हे भाभींच्या ध्यानात आलं नाही. आदल्या दुपारी ऊन होतं, तेव्हा जॅक निमूट उठला होता. आता सकाळच्या गारठ्यात आतलं तेल वडीसारखं झालेलं. भाभींनी कपाळावर हात मारला, काळं कपाळाला लागलं, आणि त्यासुद्धा हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्यातलं सगळंच हसण्याचं नव्हतं.

"गरम पानी!" त्या एकदम ओरडल्या. "बंब पेटलेला हाय!"

मोठं घमेलं आलं. जॅक त्यात बसवला, वरून बंबाचं पाणी ओतायला लागलो. पहिल्या बादलीने काही झालं नाही. दुसरी बादली आणायला मी उठणार तोच बघितलं तर दीर बादली घेऊन निघालेला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून.

"तू कशाला?" मी म्हटलं. "पैज हरशील."

"पैज गेली खड्ड्यात. भाई उतरनार आनि समोर भाभी नाय, तर त्यो मला घरात घेल काय?" असं म्हणत त्याने बादली ओतली, स्वतःच्या पायावर अर्धी सांडून.

दांडा हळूहळू सैल झाला. जॅक परत गाडीखाली घातला आणि भाभींनी दांडा दोन्ही हातांनी दाबला. पुन्हा दाबला. गाडी बोटभर वर आली. दिराने ठोकळे ओढले. मग एकेक बाजू करत मारुती चाकांवर उतरली. बॅटरी जोडली, भाभी आत बसल्या, चावी फिरवली. पहिल्या खेपेला गाडी नुसती खाकरली. दुसऱ्या खेपेला सुरू झाली. सासूने दारात उभं राहून काहीतरी पुटपुटलं आणि हात तोंडावरून फिरवला.

भाभींनी हात धुतले, कपाळ पुसलं. मी आणि दीर मागे बसलो. शेठना नंतर काय सांगायचं ते बघू म्हटलं.  दीर पेण येईपर्यंत घाण्याच्या तेलाचे गुण सांगत होता. आता केस काळे राहतील जॅकचे, वगैरे.

पेणच्या एसटी स्टँडसमोर मिस्टर उभे होते. उंचेपुरे, दोन खोकी दोरीने बांधलेली, खांद्यावर जाड ब्लँकेट. ते रिक्षाच्या रांगेकडे बघत होते. भाभींनी हॉर्न दिला. त्यांनी वळून पाहिलं, लाल मारुती ओळखली आणि चेहरा असा फुलला की आम्ही मागचेसुद्धा नकळत हसलो. दिराने उतरून खोकी घेतली. मिस्टर सरळ चालत आले ते ड्रायव्हरच्या दाराशी. सवय. त्यांनी दार उघडलं.

भाभी स्टेअरिंग धरून बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत. समोर बघत म्हणाल्या, "तिकडनं बसा."

 मिस्टरांनी ते दार अगदी हलकं, आवाज न करता लावलं, गाडीला पुढून वळसा घातला आणि डाव्या बाजूला येऊन बसले.

ते पुन्हा उजवीकडे बसल्याचं मी पाहिलं नाही. गाडी घरात राहिली, हे सांगायला नकोच. रोह्यात, पेणात, नागोठण्याला, कुणाच्या लग्नाला, कुणाच्या मयताला, लाल मारुती दिसली की भाभी चालवताहेत आणि शेजारी मिस्टर खिडकीवर कोपर टेकून बसलेत. बाजारात लोक चिडवायचे. ते म्हणायचे, "जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. आता कुनी मला फिरवते, तर फिरू द्या की." भाभी हे ऐकून गाडीचा गियर उगाच जोरात टाकायच्या.

भाभी गेल्या त्या त्यानंतर काही वर्षांनी. आजारपण लांबलं नाही. मी मयताला गेलो होतो. पोर्चमध्ये माणसांना उभं राहायला जागा नव्हती, म्हणून कुणीतरी ढकलत मारुती बाहेर रस्त्यावर नेऊन लावली होती. तिला तशी रस्त्यावर बघणं मला जड गेलं.

त्यानंतर काही दिवसांनी मिस्टर दुकानात आले. 

"भाऊ, गाडी चालू ठेवायची हाय," ते म्हणाले. "मला चालवता येते. पन ती खाली शिरून काय काय करायची, ते मी कंदी बघितलं नाय. तुमाला ठावं असंल."

जेवढं माहीत होतं तेवढं सांगतो म्हटलं. रविवारी वरशाला गेलो. आम्ही तेल पाहिलं, बॅटरीत पाणी घातलं, चाकांत हवा भरली. भाभींची सासू आता फार थकली होती, ती खाटेवरून आमच्याकडे बघत होती. सगळं झाल्यावर मी म्हटलं, एक फेरी मारून आणा, म्हणजे इंजिन मोकळं होईल.

त्यांनी उजवीकडचं दार उघडलं आणि आत बसायला लागले. बसता येईना. भाभी ठेंगण्या, त्यांच्या पायांना पुरावी म्हणून सीट पार पुढे ओढलेली होती. मिस्टर दुप्पट उंचीचे. एक पाय आत घेतला, मग कसाबसा दुसरा. गुडघे डॅशबोर्डला टेकले, स्टेअरिंग छातीशी आलं.

"थांबा, सीट मागे घेतो," म्हणत मी वाकलो आणि सीटखालच्या खटक्याकडे हात नेला.

त्यांनी माझं मनगट धरलं.

"नको," ते म्हणाले. "तिनं लावलीय."

मी हात काढून घेतला. त्यांनी दार लावलं, गुडघे दोन्हीकडे फाकवले, चावी फिरवली. मग स्टेअरिंग छातीशी धरून, अंग चोरून बसलेला तो उंच माणूस गाडी हळूहळू फाटकातून बाहेर घेऊन गेला.